सूक्ष्म दंतांनीं आंखलेली कालसीमा

इ. स. १८५६ मध्यें क्रिस्त्यान पांडेर ह्या संशोधकानें बाल्टिक प्रदेशांतील खडकांतून मिळालेल्या बारीक दंताकृति अवशेषांचें वर्णन केलें. हेच 'कोनोडाँट'. त्यांचा प्राणी कसा होता, हें १९८३ पर्यंत कोडेंच होतें. त्या वर्षीं स्कॉटलंडांतील खडकांत उमटलेला त्याच्या देहाचा ठसा प्रसिद्ध झाला. परंतु तत्पूर्वींच त्याचे दांत कालगणनेच्या कामीं आले होते. कारण चुनखडी सौम्य आम्लांत विरघळविली तरी ते शिल्लक राहतात.

पर्मियन काल संपून ट्रायासिक सुरू झाला, त्या सुमारास समुद्रांतील बहुसंख्य जीवजाति नष्ट झाल्या. ही सीमा कोठें मानावी? ग्रीसबाख ह्यांनीं १८८० मध्यें वर्णिलेला हिमालयांतील 'ओटोसेरस' हा वेटोळ्या शंखाचा प्राणी दीर्घकाळ प्रमाण मानला जाई; पण तो सर्वत्र सांपडत नाहीं. 'हिंडिओडस पार्व्हस' हा कोनोडाँट मात्र दूरदूरच्या सागरी थरांत आढळतो. म्हणून यिन होंगफू ह्यांनीं त्याचा पुरस्कार केला. काश्मिरांतील गुर्युल दरीचेंहि नांव पुढें आलें होतें. अखेर २००१ मध्यें चीनमधील मेइशान येथें, २७ व्या थरांतील 'सी' भागाच्या तळाशीं, सीमा निश्चित झाली. तिचें वय सुमारें २५ कोटि २० लक्ष वर्षें आहे. संहाराची मुख्य खूण तिच्या किंचित् खालीं, २५ व्या थराशीं आहे. तथापि नव्या जीवाचा प्रथम प्रवेश हाच शास्त्रज्ञांनीं युगारंभ मानला.