पुनर्प्रवेश तपासणी, परदेशस्थ रहिवाशांची

एका देशाचे नागरिकत्व आणि दुसऱ्या देशात राहण्याचा कायदेशीर परवाना असलेली व्यक्ती काही काळ बाहेर राहून वास्तव्याच्या देशात परत येते, तेव्हा विमानतळावर, बंदरात किंवा भूसीमेवर तिची जी चौकशी होते, तिला पुनर्प्रवेश तपासणी म्हणतात. मायदेशी परतणे हा नागरिकाचा हक्क मानला जात असल्यामुळे त्याची ओळख पटली की अधिकाऱ्याचे मुख्य काम संपते. निवासी परकीयाची ओळख पटल्यावरही त्याचे वास्तव्य चालू आहे की त्याने ते सोडून दिले आहे हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तपासणीचा खरा भर त्यावरच असतो.

महाराष्ट्रात हा विषय आता केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा हे गोदावरीकाठचे, चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर असून शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा तेथूनच निघतो. जवळच काकडी येथे 2017 मध्ये विमानतळ सुरू झाला असला तरी त्याचा उपयोग मुख्यतः देशांतर्गत प्रवासासाठी होतो, आणि परदेशी जाणाऱ्यास सहसा मुंबई गाठावी लागते. अशा गावांतील ज्या वृद्ध आईवडिलांची मुले अमेरिकेची नागरिक झाली आहेत, त्यांना मुलांच्या अर्जावरून ‘ग्रीन कार्ड’, म्हणजे त्या देशातील कायम वास्तव्याचा परवाना, मिळू शकतो. त्यांचे शेत, सातबारा, सोयरेसंबंध आणि दवाखाना मात्र गावाकडेच असतो, त्यामुळे पेरणी, लग्नकार्य किंवा आजारपण यांसाठी आलेल्या माणसाने आठ-दहा महिने राहून जाणे त्यांच्या दृष्टीने स्वाभाविक असते. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असल्याने ते दीर्घ मुदतीच्या व्हिसासारखे वापरता येईल, असा समज यातूनच होतो, आणि तो महागात पडतो.

अमेरिकी कायद्यानुसार कायम रहिवासी सलग 180 दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला तर तो नव्याने प्रवेश मागणारा समजला जाऊ शकतो, आणि एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहिल्यास परतीच्या प्रवेशासाठी नुसते कार्ड सामान्यतः पुरत नाही. दीर्घ मुक्काम आधीच ठरलेला असेल तर अमेरिकेत असतानाच अर्ज करून आणि बोटांचे ठसे देऊन ‘रीएन्ट्री परमिट’, म्हणजे पुनर्प्रवेश परवाना, घ्यावा लागतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. तो न घेता वर्ष उलटले आणि उशिराचे कारण स्वतःच्या आवाक्याबाहेरचे असले, तर वकिलातीकडे परतणाऱ्या रहिवाशाचा विशेष व्हिसा मागता येतो. मात्र वर्षाच्या आत एकदा जाऊन येण्याने सर्व काही सुरक्षित राहते, ही सर्रास ऐकू येणारी समजूत खरी नाही. बाहेरचा मुक्काम तात्पुरता होता की नाही हे दिवसांच्या हिशेबाइतकेच घर, नोकरी, कुटुंब आणि करभरणा कोठे आहे यावरून ठरते, आणि स्वतःला अनिवासी दाखवून भरलेले करविवरणपत्र रहिवाशाच्या विरुद्ध जाऊ शकते.

प्रत्यक्ष तपासणीत छायाचित्र व ठसे घेतले जातात आणि किती दिवस, कशासाठी बाहेर होता हे विचारले जाते. उत्तराने समाधान झाले नाही तर प्रवाशाला दुय्यम तपासणीच्या कक्षात नेले जाते, आणि तेथे कित्येक तास जाऊ शकतात. अधिकाऱ्याने वास्तव्य सोडल्याच्या कबुलीचा आय-407 हा अर्ज पुढे केला, तर त्यावर सही करणे ऐच्छिक असते. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि तेथे वास्तव्य सोडल्याचे ठाम पुराव्यानिशी सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. थकलेल्या, इंग्रजी कच्चे असलेल्या प्रवाशाला याची माहिती निघण्यापूर्वीच देऊन ठेवणे हे मुलांचे काम होय. हे संरक्षण पूर्वीपासून निर्विवाद नव्हते. 1923 पासून अमेरिकेत राहिलेला मेझेई हा गृहस्थ मरणासन्न आईच्या भेटीसाठी निघून सुमारे 19 महिने हंगेरीत अडकला, परतल्यावर त्याला एलिस बेटावर अडवून ठेवण्यात आले, आणि सुनावणीविना प्रवेश नाकारणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये वैध ठरवले. थोड्या काळासाठी बाहेर गेलेल्या कायम रहिवाशाला न्याय्य सुनावणी मिळाली पाहिजे, हे 1982 च्या प्लासेन्सिया खटल्यात स्पष्ट झाले.

इतर देशांची पद्धत वेगळी आहे. कॅनडा पाच वर्षांत 730 दिवसांच्या वास्तव्याची अट घालतो. ब्रिटनमधील बेमुदत वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षांहून अधिक गैरहजेरीने सर्वसाधारणपणे संपतो. संयुक्त अरब अमिरातीतील सामान्य निवासी व्हिसाला सहा महिन्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तेथे नोकरी करणाऱ्याला गावाकडचा लांबलेला मुक्काम थेट भोवतो.

उलट दिशेने, म्हणजे भारतात येताना, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, कारण नागरिकत्व अधिनियम 1955 च्या कलम 9 नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपलेले असते. त्याच्यासाठी 2005-06 पासून ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्डाची सोय असून ते परदेशी पासपोर्टासोबत दाखवावे लागते. हे नावापुरतेच नागरिकत्व होय, कारण त्याने मतदानाचा किंवा शेतजमीन खरेदीचा हक्क मिळत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या नातवाचे आईवडील भारतीय पासपोर्टावर येत असले तरी त्याला स्वतंत्र ओसीआय किंवा व्हिसा लागतो, ही बाब घाईच्या प्रवासात हमखास राहून जाते. नोकरी वा शिक्षणासाठी भारतात राहणाऱ्या परकीयाने परतताना व्हिसावर अनेकवार प्रवेशाची मुभा आहे का आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातील नोंद चालू आहे का, हे पाहावे. जेथे असे स्वतंत्र कार्यालय नाही तेथे हे काम जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे असते. या क्षेत्रातील 1920, 1939 आणि 1946 चे जुने कायदे रद्द करून 2025 चा इमिग्रेशन व परदेशी नागरिकविषयक कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे.

सीमाशुल्काची तपासणी वेगळी असली तरी प्रवाशाच्या लेखी ती याच प्रसंगाचा भाग असते. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेण्यास मनाई आहे, ताजी फळे, बियाणे आणि मांस यांवर कडक निर्बंध आहेत. लोणचे-मसाले यांसह प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात नोंदवणे हाच सुरक्षित मार्ग होय, कारण दंड सहसा न सांगितलेल्या वस्तूसाठी होतो.

कोविड-19 च्या साथीच्या काळात या व्यवस्थेतील अनेक भेद तात्पुरते मोडले. भारताने 13 मार्च 2020 पासून ओसीआयधारकांची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत स्थगित केली आणि मे महिन्यात ती काही गटांसाठी टप्प्याटप्प्याने सैल केली. जपानने त्याच वर्षी कायम वास्तव्य असलेल्या परकीयांनाही कित्येक महिने परत येऊ दिले नाही. ऑस्ट्रेलियाने तर 3 ते 15 मे 2021 या काळात, त्याआधीच्या 14 दिवसांत भारतात राहून आलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही प्रवेशबंदी केली आणि ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 66,600 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद लागू केली.