कुरणातली शाळा आणि कॉम्प्युटरचा वर्ग



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक आई गप्प गप्प बसून होती. विचारलं तर म्हणाली, लेक परत आली. पाड्यातून बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालेली मुलगी. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेली, दिवाळीला घरी आली आणि मग गेलीच नाही. "तिचं डोकं नाही चालत त्यात. तीच म्हणते," आई म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. परतताना कोसबाडची टेकडी दिसली आणि माझी मलाच लाज वाटली. का, ते सांगते.

१९४५ साल आपल्याकडे ओळखलं जातं ते झरीच्या सभेमुळे. मे महिन्यात तलासरीतल्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या बरोबर वारली माणसं जमली आणि वेठबिगार नाकारून उठली. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. मॅट्रिक झाल्या त्या रात्रशाळेत, दिवसा नोकरी करून. शिक्षण कसं तुटतं हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. अशा वेळी एक उत्तर तयारच असतं, की या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. या दोघींनी ते मानलं नाही. त्यांनी सामान उचललं आणि त्याच वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळ घाला, केस विंचरा, अंगण झाडा आणि तिथेच शिकवा. म्हणून ती अंगणवाडी. १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आपल्यातल्या कितीतरी जणी आज अंगणवाडी सेविका आहेत. तो शब्द आपल्या डहाणू तालुक्यातला आहे, हे विसरू नका.

१९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. तिथे अडचण वेगळी होती. सात-आठ वर्षांची मुलं गुरांमागे, आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंड. मग गुरं जिथे चरतात तिथेच वर्ग भरला. ती कुरणशाळा. मुलींसाठी जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. त्या मुलीला "शाळेत ये" असं शंभरदा सांगून ती आली नसती. तिच्या कडेवरचं मूल आधी कुणीतरी घ्यायला हवं होतं.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे, कॉम्प्युटरसाठी जगात नावाजलेलं. १९९५ साली तिथे या विषयाला प्रवेश घेणाऱ्या शंभरात मुली होत्या जेमतेम ७. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी तिथल्या मुलामुलींशी वर्षानुवर्षं बोलून कारण शोधलं. मुलगे लहानपणापासून घरच्या कॉम्प्युटरशी खेळलेले, मुली नव्हत्या. चांगले मार्क मिळवणाऱ्या मुलींनासुद्धा वाटायचं, हे आपलं काम नव्हे. आणि त्या सोडून जायच्या. मग विद्यापीठाने स्वतःत बदल केला. आधीपासून प्रोग्रॅमिंग येणाऱ्यालाच प्रवेशात झुकतं माप देणं थांबवलं. नवख्यांसाठी सुरुवातीचा वर्ग वेगळा केला. २००० साली प्रवेश घेणाऱ्या शंभरात मुली होत्या ४२. पाच वर्षांत मुलींची डोकी काही बदलली नव्हती.

हे वाचलेलं आठवलं आणि मी त्या आईच्या घरी गेले. लेकीला विचारलं, काय काय अडतं ते सांग. आधी गप्प. मग म्हणाली, पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, कोडिंग कुणाकुणाला येतं? बहुतेकांचे हात वर. सर पुढे निघाले. घरी लॅपटॉप नाही, मोबाइलवर प्रोग्रॅम नीट लिहिता येत नाही. लॅबमध्ये थांबावं तर गाडी चुकते, आणि गाडी चुकली की पाड्यापर्यंत अंधारात चालत. गणितात मात्र ती पास होती. हे तिने अगदी शेवटी, सहज सांगितलं.

म्हणजे या मुलीच्या कडेवर पण एक ओझं आहेच की. मूल नाही, गाडी आहे आणि लॅपटॉप आहे.

मग आम्ही कामाला लागलो. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची चौकशी केली. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे मुलीच्या खात्यात जमा करणारी स्वयं योजना आहे. तिच्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला होता, तो आता टाकलाय. जुना लॅपटॉप घ्यायला गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं ठरलं. एक-दोघी कुरकुरल्या, शेळीला कर्ज देतो ते ठीक, पण याला? थोडा वाद झाला. शेवटी शेळीवालीनेच पहिली सही केली.

येत्या सोमवारी मुलगी कॉलेजात जाऊन विचारणार आहे, परीक्षेचा फॉर्म अजून भरता येईल का म्हणून. आईला नको म्हणाली. मला म्हणाली, मावशी, तुम्ही चला.