कट, वर्तनावरून सिद्ध होणारा : जयललिता खटला, बंगळुरू
एखादे बेकायदा कृत्य, किंवा कायदेशीर कृत्य बेकायदा मार्गाने, करण्याबाबत दोन वा अधिक व्यक्तींनी संगनमत करणे म्हणजे फौजदारी कट. भारतीय दंड संहितेत कलमे १२०-अ व १२०-ब ही १९१३ साली आली. ठरलेले कृत्य गुन्हा असेल तर ठरवणे हेच पुरेसे. इतर बाबतींत त्या दिशेने एखादी कृती घडावी लागते. संगनमताचा साक्षीदार सहसा मिळत नाही. मिळालाच तर तो माफीचा साक्षीदार असतो आणि त्याच्या शब्दाला आधार शोधावा लागतो. गांधीहत्या खटल्यात माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी न मिळाल्याने वि. दा. सावरकर १९४९ मध्ये निर्दोष सुटले. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांचे दिल्लीतील हॉटेलात खोट्या नावांनी उतरणे मात्र नोंदवहीतच होते.

वर्तनावरून कट कसा वाचावा, याचे ठळक उदाहरण बंगळुरूत घडले. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जे. जयललिता यांच्यावरील बेहिशेबी मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २००३ रोजी चेन्नईहून कर्नाटकात वर्ग केला. आरोप १ जुलै १९९१ ते ३० एप्रिल १९९६ या काळातील मालमत्तेचा होता. सहआरोपी होते व्ही. के. शशिकला, व्ही. एन. सुधाकरन आणि जे. इळवरसी. विशेष न्यायाधीश जॉन मायकेल डी'कुन्हा यांनी २७ सप्टेंबर २०१४ रोजी चौघांनाही ४ वर्षे कारावास, जयललितांना १०० कोटी आणि इतरांना प्रत्येकी १० कोटी रुपये दंड ठोठावला.

कर्नाटक उच्च न्यायालयाने ११ मे २०१५ रोजी सर्वांना सोडले. तेथील निकाल बेरजेवर उभा होता, आणि बेरीजच चुकली होती : कर्जांचा आकडा सुमारे १०.६७ कोटींऐवजी २४.१७ कोटी धरला गेला, त्यामुळे बेहिशेबी मालमत्ता उत्पन्नाच्या केवळ ८.१२ टक्के दिसली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१७ रोजी ती चूक दाखवलीच, पण कटाबाबत आरोपींच्या वागण्याकडे बोट दाखवले. ३४ संस्था स्थापन झाल्या, त्यांपैकी १० एकाच दिवशी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सहज फिरत होता. जया पब्लिकेशन्ससाठी जयललितांनी शशिकलांना कुलमुखत्यारपत्र दिले होते. कायद्याच्या कचाट्यापासून स्वतःला दूर ठेवण्याचा तो प्रयत्न, असे न्यायालयाने मानले. रक्ताचे नाते नसलेली माणसे जयललितांच्या पोएस गार्डनमधील घरी एकत्र राहतात, हा एरवी गुन्हा नव्हे. या व्यवहारांशेजारी ठेवल्यावर मात्र तो सहवास मालमत्ता सांभाळण्यासाठीच असल्याचा निष्कर्ष निघाला. कटाचे काम गुप्त असते असे सांगितले जाते. येथे ते बऱ्याच अंशी नोंदणी कार्यालयात आणि बँकेतच उमटले होते.

जयललितांचे ५ डिसेंबर २०१६ रोजी निधन झाल्याने त्यांच्यापुरते अपील संपले. तरी त्यांच्याविरुद्धचा पुरावा तपासावाच लागला, कारण मूळ गुन्हा लोकसेवकाचा. इतरांवर कट व अपप्रेरणेचा ठपका होता. सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायाधीशांची शिक्षा पुन्हा कायम केल्याने ती भोगण्यासाठी शशिकला बंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगात गेल्या.

एकाचे वर्तन दुसऱ्याविरुद्ध वापरण्याची वाट पुरावा अधिनियमाच्या कलम १० मधून जाते. आधी कटावर विश्वास ठेवण्यास वाजवी कारण हवे, आणि कृती वा उक्ती समान उद्दिष्टाला धरून हवी. कट संपल्यानंतर दिलेला कबुलीजबाब या कलमात बसत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने मिर्झा अकबर प्रकरणात १९४० मध्ये ठरवले. १ जुलै २०२४पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहेत.