कुर्ल्याची 'पद्मिनी' : उदय आणि अस्त

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'ची स्थापना केली. कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने मोटारी तयार होत. १९६४ ची 'फियाट ११०० डिलाइट' पुढे 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. परवाना पद्धतीमुळे स्पर्धा मर्यादित होती. ग्राहकांना प्रतीक्षा यादीत थांबावे लागे आणि मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही. १९८३ मध्ये 'मारुती ८००' आली. १९९१ च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्याही आल्या. २००० च्या सुमारास 'पद्मिनी'चे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही निवृत्त झाली. वाहनांसाठी सुटे भाग ओतणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाने हा इतिहास लक्षात ठेवायला हवा.