वापरकर्ता अवकाशातील फाइल प्रणाली

वापरकर्ता अवकाशातील फाइल प्रणाली म्हणजे संचालन प्रणालीच्या कर्नलमध्ये न चालता सामान्य प्रोग्रॅमप्रमाणे स्वतंत्र प्रक्रियेत चालणारी फाइल प्रणाली होय.

कर्नलमधील कोडला संगणकाची सर्व स्मृती खुली असते. त्यामुळे हेतुपुरस्सर बिघडवलेला पेन ड्राइव्ह जोडल्यास फाइल प्रणालीतील एक चूक संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते किंवा परक्याच्या ताब्यात देऊ शकते. तोच कोड मर्यादित अधिकारांच्या प्रक्रियेत असल्यास सहसा तेवढी प्रक्रियाच बंद पडते.

लिनक्समध्ये यासाठी मिक्लोश सेरेदी यांनी विकसित केलेली 'फ्यूज' ही यंत्रणा वापरतात. ती २००५ साली २.६.१४ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचा कर्नलमधील छोटा भाग फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे अशा मागण्या बाहेरील प्रक्रियेकडे पाठवतो व उत्तरे परत आणतो. एनटीएफएस-३जी आणि एसएसएचएफएस तिच्यावरच आधारित आहेत. या ये-जा करण्यात वेळ खर्च होतो. याच कारणाने अँड्रॉइडने मध्यंतरी फ्यूज सोडून कर्नलमधील एसडीकार्डएफएस स्वीकारली. अकराव्या आवृत्तीत मात्र फ्यूज परतली.

कर्नलमधील जुना कोड बाहेर हलवणे अधिक अवघड असते, कारण तो कर्नलच्याच स्मृतिवाटपावर, कुलपांवर आणि कॅशेवर विसंबलेला असतो. नेटबीएसडीमध्ये आंटी कांटी यांच्या 'रम्प कर्नल'ने मूळ कोड जवळजवळ न बदलता त्याला लागणाऱ्या सेवाच प्रक्रियेत पुरवल्या. लिनक्स कर्नल लायब्ररीवर आधारलेले 'एलकेएलफ्यूज' हेच तत्त्व वापरते.