तरंगफलन : वस्तु कीं हिशेब ?

पवनारला धाम नदींत खडा टाकला तर पाण्यावर तरंग उठतो, आणि तो खरा कीं खोटा असें कोणी विचारीत नाहीं. १९२६ सालीं श्रोडिंजरनें इलेक्ट्रॉनाचें वर्णन करण्यासाठीं जें तरंगफलन मांडलें, तेंहि असेंच अवकाशांत पसरलेलें कांहीं असावें अशी त्याची प्रथम समजूत होती. परंतु त्याच वर्षीं वृद्ध लोरेंट्झनें पत्र लिहून एक मार्मिक अडचण दाखविली. इलेक्ट्रॉन एक असेल तोंवर ठीक. दोन झाले कीं त्यांचें तरंगफलन तीन मितींत मावत नाहीं, त्याला सहा लागतात, आणि तिघांना नऊ. धामचा तरंग आपल्या नित्याच्या जगांत हलतो. हा सहा मितींतला तरंग हलतो तरी कोठें? आमच्या मतें वादाचें मूळ येथेंच आहे. श्रोडिंजरच्या मांजरानें त्याला पुढें प्रसिद्धि दिली, इतकेंच.

बॉर्ननें त्याच वर्षीं तोडगा काढला : तरंगफलनावरून कण कोठें सांपडेल याची केवळ संभाव्यता कळते. हिशेब अचूक जुळले, आणि बहुतेकांचें समाधान झालें. आइन्स्टाईनचें झालें नाहीं. १९३५ सालीं पोडोल्स्की व रोझेन यांच्यासह त्यानें हें वर्णन अपुरें ठरविलें. तरंगफलन म्हणजे निव्वळ माहिती असेल, तर ती कोणाची ? आणि खरी वस्तु असेल, तर मोजमाप होतांच ती एका जागीं आकसते कशी ? पाठ्यपुस्तकें येथें मौन धरतात. कित्येकांस तें शहाणपणाचें वाटतें. आम्हांस वाटत नाहीं.

१९८६ सालीं गिरार्डी, रिमिनी व वेबर यांनीं हें मौन सोडलें. त्यांच्या मतें तरंग आपोआपच आकसतो; एकटा कण सुमारें ३० कोटी वर्षांत एकदांच, पण खड्यांत कणच इतके अगणित कीं तेथें तें क्षणार्धांत घडतें. निरीक्षकाची गरजच उरली नाहीं. आकसण्याच्या या धक्क्यांनीं किंचित् उष्णता व मंद किरण निर्माण झाले पाहिजेत. म्हणजे प्रश्न प्रयोगशाळेंत नेतां येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील तेजिंदर पाल सिंग यांनीं बास्सी, उलब्रिश्ट आदि सहकाऱ्यांसह २०१३ सालीं अशा सर्व कल्पनांचा व त्यांच्या कसोट्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. लोरेंट्झची शंका मात्र त्यानेंहि फिटत नाहीं, हें नमूद केलें पाहिजे.

त्याच्या आदल्याच वर्षीं प्युसी, बॅरेट व रुडॉल्फ यांनीं दुसऱ्या बाजूस धक्का दिला होता : कणांना स्वतःची खरी अवस्था असते, आणि वेगवेगळ्या सिद्ध केलेल्या कणांच्या अवस्था परस्परांपासून स्वतंत्र असतात, एवढें मानलें तर तरंगफलनाला केवळ माहिती म्हणतां येत नाहीं.

इटलींत ग्रान सासो पर्वताखालीं जर्मेनियमच्या उपकरणानें हे मंद किरण शोधण्यांत आले. २०२० सालीं निकाल प्रसिद्ध झाला : अपेक्षित किरण आढळले नाहींत, आणि गुरुत्वाकर्षणामुळें तरंग आकसतो या पेनरोजच्या कल्पनेचें सर्वांत साधें रूप बाद झालें. इतर रूपें शाबूत आहेत.