अतिदक्षता, वार्धक्य आणि जबाबदारी : अहमदनगर जिल्हा रुग्णालयातील आग (२०२१)

अतिदक्षता विभागात वृद्ध रुग्ण दगावला की कारणमीमांसा बहुधा वय आणि व्याधी या दोन रकान्यांतच आटोपते. या सवयीस शास्त्राचाही आधार आहे. १९८५ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या 'अपाचे-२' या तीव्रतामापन पद्धतीत पंचाहत्तरी गाठलेल्या रुग्णाच्या नावावर केवळ वयापोटी सहा गुण चढतात. गुण जितके अधिक, तितकी जगण्याची आशा कमी. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील पुढील घटना मात्र या मापात बसत नाही.

६ नोव्हेंबर २०२१, शनिवार, भाऊबीज. सकाळी अकराच्या सुमारास जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागास आग लागली. आत १७ रुग्ण होते. त्यांपैकी ११ जण त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. त्यांत वयोवृद्धांचा भरणा अधिक होता. विभाग साथीच्या काळातच नव्याने उभारलेला होता. प्राथमिक संशय शॉर्टसर्किटवर व्यक्त झाला.

येथे अतिदक्षतेचे मूळ ध्यानी घेणे इष्ट. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा बियॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. अतिदक्षता म्हणजे रुग्णाने आपला श्वास दुसऱ्याच्या हाती सोपविणे. प्राणवायूच्या नळीला जखडलेला वृद्ध धुरातून पळू शकत नाही, आणि त्याला तगविणारा प्राणवायूच आगीला बळ देतो. अशा रुग्णाचे भवितव्य औषधाइतकेच भिंतीतील तारेवर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर अवलंबून असते.

त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत १० अर्भके दगावली होती. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. नगरची आग त्यानंतर दहा महिन्यांनी लागली. अर्भक आणि वृद्ध ही वयाची दोन टोके, परंतु स्वतः उठून दाराशी जाण्याची असमर्थता दोघांची सारखीच.

नगरच्या घटनेनंतर शासनाने चौकशी नेमली, काहींना निलंबित केले. पोलिसांनी एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिकांना अटक केली. इमारत, विद्युतजोडणी आणि तपासणी यांचे उत्तरदायित्व पाळीवरील परिचारिकांवर कसे येते, असा प्रश्न उपस्थित करीत परिचारिकांनी या अटकेचा निषेध केला.